वेंडेलची छत्री

३ सप्टेंबर १९५१

आले बाई एकदाची शोशहातला! शेवटचा टप्पा तर विमानतळावर दूध घालणाऱ्याच्या गाडीतून, दोन कॅनच्या मध्ये बसून केला. पाठ पार मोडली, पण खोली बघितली आणि सगळा शीण गेला. माझी एकटीची खोली! लोखंडी खाट, हिरव्या फरशांची शेगडी, आणि खिडकीतून दिसणारं सपाट माळरान, त्याच्या टोकाला पांढरी रेघ ओढावी तसं खारं तळं. सेगेदच्या दोरखंडाच्या गिरणीत आम्ही आठ जणी एका खोलीत झोपायचो. रात्री कोण घोरतंय ते अंधारात ओळखायचे मी.

काम छान आहे. वैमानिकी शिकणाऱ्या पोरांच्या पॅराशूटना घड्या घालायच्या. इथे त्याला सगळे नुसती छत्री म्हणतात. माझ्या वरच्या बाई म्हणजे बोर्बाला नेनी, सगळ्यांच्या मावशीच. पन्नाशीच्या, अंगाने भारदस्त, पायात पुरुषी बूट. पहिलाच प्रश्न, लग्न झालंय का? मी म्हटलं, झालं होतं, नवरा युद्धात डॉन नदीकाठी राहिला, त्या हिवाळ्यात, परत आलाच नाही. त्यांनी पावाची जाड फोड कापली, चरबी लावली, वर तिखट भुरभुरलं आणि म्हणाल्या, "खा. आणि काय रडायचं ते बाहेर जाऊन रड. रेशमाला ओल चालत नाही."

मला आवडल्या त्या.

९ सप्टेंबर

हात बसत चालला आहे. लांबच लांब टेबलावर रेशीम पसरायचं, एकेक पाकळी हाताने सारखी करायची, दोऱ्या वळून पिशवीत भरायच्या, पिन घालायची, शिशाचा शिक्का मारायचा. ओल्या छत्र्या वाळवायला शेडच्या टोकाला उंच मनोरा आहे. आत वरून खालपर्यंत छत्र्या टांगलेल्या असतात. पहिल्या दिवशी मान वर करून बघितलं तर देवळात आल्यासारखं वाटलं. अर्थात देवाधर्माचं असलं काही इथे मोठ्याने बोलायचं नाही, सरकारला चालत नाही.

सकाळी पोरं खिडकीशी रांग लावतात. आकोश डोंगराळ भागातला, लाजाळू, येताना माझ्यासाठी खिशातून अक्रोड आणतो. मलाही 'नेनी' म्हणतो. मी म्हटलं, मी काय म्हातारी दिसते का रे तुला? तर म्हणतो कसा, "नाही हो, पण नुसतं एतेल्का म्हटलं तर कॅप्टन कान उपटतील." वेंडेल शिपोश त्याच्या अगदी उलट. खिडकीत कोपर टेकवून गप्पा हाणणारा. युद्ध संपलं तेव्हा गावोगावच्या मुलींनी सापडलेल्या छत्र्यांचे झगे शिवले होते, तर हा सांगतो की माझी छत्री जुनी झाली की मलाच द्या, लग्नात बायकोला तिचाच झगा. बोर्बाला नेनींनी विचारलं, "आणि बायको कुठाय?" म्हणाला, "झगा बघून येईल की!"

किती दिवसांनी मी पोट धरून हसले.

२८ सप्टेंबर

वेंडेल गेला.

सरावाला सकाळीच निघाला होता. तळ्यावर असताना इंजिन बंद पडलं. त्याने उडी मारली, छत्री उघडली, आम्ही शेडच्या दारातून बघितली. आमची घडी बरोबर उघडली, म्हणून मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तो तळ्यात उतरला आणि तेवढ्यात धुकं आलं. माळावरून सरकत आलं आणि तळं झाकून टाकलं.

मग तो हाका मारायला लागला. "इकडे! इकडे!" सगळ्यांनी ऐकलं. तळं कमरेइतकंच खोल आहे, पण तळाशी मळलेल्या कणकेसारखा चिखल, पाय रुतला की निघत नाही. माणसं लांब काठ्या घेऊन आत शिरली. धुक्यात आवाज फसवतो. डावीकडून वाटलं म्हणून गेले, तर उजवीकडून यायला लागला. त्याला आधी हसू येत होतं, "अरे आंधळ्यांनो, इकडे!" मग हसू गेलं. मग नुसतंच इकडे, इकडे. दुपारी तेही थांबलं.

धुकं उठलं तेव्हा तो किनाऱ्यापासून जवळच होता. चिखलात उभाच. वाऱ्याने छत्री त्याच्याच अंगावर आणली होती. डोक्यावरून, तोंडावरून ओलं रेशीम घट्ट गुंडाळलेलं.

१ ऑक्टोबर

ती छत्री आमच्याकडे आली. तपासली. कुठे फाटलेली नाही, एक टाका उसवलेला नाही. बोर्बाला नेनी कॅप्टन केलेमेनना म्हणाल्या, ही बाद करू या. ते म्हणाले, रेशीम काय झाडाला लागतं का? धुवा, वाळवा, परत वापरात घ्या. नेनींनी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ते थकल्यासारखे म्हणाले, "नेनी, मला वरून विमानं धाडतात, पोरं धाडतात आणि तारखा धाडतात. छत्र्या धाडत नाहीत."

गोड्या पाण्यात कितीदा तरी धुतली. तरी बोट जिभेला लावलं की खारट.

६ ऑक्टोबर

ती वाळत नाही. तिच्याबरोबर टांगलेल्या बाकीच्या कधीच्या कडक झाल्या. रोज संध्याकाळी कोरडी लागते, सकाळी हात लावला तर ओली.

आज आणखी एक बघितलं. छत्रीच्या खाली अंगाला बांधायचे पट्टे असतात, ते लोंबतात, वळतात, वाऱ्याने हलतात. हिचे पट्टे ताठ. आत कुणी बसलंय आणि त्याच्या वजनाने ताणलेत, तसे. मी नेनींना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग दाराकडे नजर टाकून, कुणी नाही ना याची खात्री करून, पटकन छातीवर क्रूस काढला.

म्हणाल्या, "तू काही पाहिलं नाहीस. मीही नाही."

१२ ऑक्टोबर

बारनाबाशची छत्री दुरुस्तीला होती. कॅप्टनच्या हुकमाने त्याला वेंडेलची दिली. गोल चेहऱ्याचं, झोपाळू डोळ्यांचं पोर. घेताना म्हणाला, ही जड का लागते?

लख्ख ऊन होतं. ढगाचा ठिपका नाही. कॅप्टन दुसऱ्या विमानात त्याच्या बाजूलाच होते. त्यांनी जेवणघरात सांगितलं, सांगताना हातातला चमचा खाली ठेवायचा विसरले, की इंजिन ठीक होतं, सगळं ठीक होतं. पोराने रेडिओवर एवढंच म्हटलं की खालून मला कुणीतरी बोलावतंय. मग विमान वळवलं आणि सरळ तळ्यात नेलं. अगदी हळुवार, म्हणाले. उतरायला जागा दिसल्यासारखं.

पोराला काढलं तेव्हा पाठीवरची छत्री बंदच होती. शिक्कासुद्धा तसाच. ओली.

१५ ऑक्टोबर

शहरातून गुप्त पोलिसांतले दोघे आले. काळे कोट. दोन अपघात एकाच छत्रीचे, म्हणजे घडी घालणाऱ्यांत कुणीतरी शत्रू, असा त्यांचा हिशोब. मला थोडंफार विचारलं. छत्रीत दोष सापडला नाही, ती परत दिली; बोर्बाला नेनींना मात्र गाडीत बसवलं. त्या बूट घालायला वाकल्या, माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या की ती कुणालाही देऊ नकोस. त्याला एकट्याला करमत नाही.

संध्याकाळी नेनींच्या वाटणीचेही बटाटे उकडले गेले माझ्याकडून. सवयीने.

१९ ऑक्टोबर

नेनींचा पत्ता नाही. विचारायची सोय नाही. दिवसभर शेडमध्ये मी एकटी. पोरं खिडकीशी येतात, पण आता हसत नाहीत, घेतात आणि जातात.

कॅप्टनचा निरोप आला. उद्या आकोशला वेंडेलची छत्री. त्याच्या स्वतःच्या छत्रीच्या दोऱ्या बदलायला गेल्यात. मी वेंडेलची कापून ठेवली तर घातपात ठरेल, तुरुंग. दिली तर—

आकोशने आज अक्रोड आणले नव्हते. म्हणाला, "झाडावरचे संपले, एतेल्का." नेनी म्हणाला नाही.

२० ऑक्टोबर

जुनी, बाद झालेल्यांतली एक बरी निघाली. रात्री ठिगळ लावलं, पिशवीवरचा नंबर उसवून बदलला, आकोशला तीच दिली. तो उडाला. मी दारात उभी राहून, ओठ न हलवता, आठवेल तेवढी प्रार्थना म्हटली. तो परत आला! बूट आपटत, गाल लाल, भूक लागली म्हणत आला.

वेंडेलची माझ्या खाटेखाली आहे. शेडमध्ये ठेवली तर कुणी देईल.

२२ ऑक्टोबर

सकाळी फरशीवर पाणी. पुसलं. चाखलं. खारट.

२३ ऑक्टोबर

खाटेखालून श्वासासारखं. आत, बाहेर. रेशीम तोंडात ओढलं जावं तसं.

शेगडीत घालून बघितली. नुसता धूर. कडासुद्धा काळी पडली नाही.

२५ ऑक्टोबर

बोलतं ते. मोठ्याने नाही. "इकडे."

एक गोष्ट लिहिते, लाज वाटते तरी. आल्यापासून या खोलीत माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं. भिंतींना माझा आवाज माहीत नव्हता. पहाटे जागी झाले, ते म्हणालं इकडे, आणि मी झोपेत म्हणून गेले, आले हो.

म्हणजे मी उत्तर दिलं.

त्यानंतर ते गप्प आहे. ऐकतंय.

२६ ऑक्टोबर

आज ते माझं नाव म्हणालं. नवरा म्हणायचा तसं, शेवटचं अक्षर ओढून. वेंडेलला ते कसं माहीत—

उद्या तळ्यात टाकून येते. ज्याचं त्याला.

२७ ऑक्टोबर

तळ्याच्या काठावर बसून लिहितेय. लिहिलं की थोडा धीर येतो.

छत्री टाकली. गुडघाभर पाण्यात जाऊन सोडली. लगेच बुडाली. कुणीतरी खालून घेतली तशी.

वर येते तोच धुकं. आणि धुक्यात वर विमान. आज कोण उडतंय मला माहीत होतं. सकाळी मीच त्याला छत्री दिली. इंजिन खोकलं. थांबलं. मग पाण्याचा आवाज.

विमानतळाचा भोंगा वाजतोय. पण माणसं पलीकडच्या काठाने गेली. ऐकू येतात, लांब. मी ओरडले. धुक्यात कुठे पोचतंय.

"इकडे! एतेल्का, इकडे!"

आकोश. आकोशचाच आवाज. तळ्यातून, फार लांब नाही. खोकतोय. पाय रुतलेत म्हणतो. जिवंत आहे तो. मी गेले नाही तर त्याचंही वेंडेलसारखं— दुपारपर्यंत—

पण ते माझं नाव शिकलंय. त्याचा आवाजही शिकलं असेल तर?

बूट काढले. लांब काठी सापडली एक. जाते. माणूस असेल तर वाचेल, नसेल तर

थांब.

मागून. किनाऱ्यावरून, काठच्या लव्हाळ्यांतून. बूट पाण्यात पचकतात तसा आवाज. "एतेल्का, मी वर आलोय, पोहत आलो. आत जाऊ नका. इकडे या." तोही आकोश. तसाच खोकतोय.

तळ्यातला आता रडतोय. आईला हाका मारतोय.

लव्हाळ्यांतला हसत नाही, ओरडत नाही. जवळ येतोय. मला सावली दिसते, उंच, डोक्यावर काहीतरी पांढरं— धुकंच असेल— मी विचारलं, झाडाला काय लागायचं रे? खिशात काय आणायचास? दोघेही एकदम म्हणाले, अक्रो