बुधवारची प्रार्थना

८ मार्च

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला सलाम. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा पुन्हा सुजलाय, पण ती काठी घेत नाही; काठी घेतली की म्हातारी दिसेन म्हणते, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. दारातल्या पायरीची फरशी निघाली होती, ती मी बसवली. वाकडी बसली. बाबा असते तर दोन दिवस येता-जाता हसले असते.

त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. त्यांच्या जागी मी चर्चचा कायमचा पाळक होणार का, असं मंडळीच्या पंचांनी परवा विचारलं. रविवारी उत्तर द्यायचंय. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तर ऑर्गनवाले मास्तर म्हणाले, "विचार करायचं खातं थोरल्याकडे होतं ना?" सगळे हसले. मीही हसलो.

परांचीवरून पडून गेलेला तो गवंडी तुला आठवतच असेल. त्याच्या दफनाच्या वेळी बाबा 'देवाची इच्छा' म्हणाले आणि घरी जेवताना तू विचारलंस, फळी सैल कुणी ठेवली? मग तुझं ते सगळं निघालं. माणूस काही ठरवून जगात येत नाही, पण आल्यावर निवडत निवडतच घडतो. आणि निवडायची भीती वाटली की आपला वाटा देवाच्या गळ्यात घालून मोकळा होतो. बाबा ताटावरून उठले, तू बॅग भरलीस. चौदा वर्षं तू या घरात पाऊल टाकलं नाहीस.

तुला कुणी सांगितलं नाही, पण त्या दिवसानंतर बाबांनी एकाही दफनाला ते वाक्य म्हटलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुझ्या दादाला द्यायचं उत्तर सापडलं की म्हणेन." मला ते फार लागलं. शेजारी मी उभा असायचो आणि ते बोलत असायचे तुझ्याशी.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू फोनवर विचारलंस, अचानक झालं का, आणि मी हो म्हणालो. अचानक झालं नाही दादा. शनिवारी डॉक्टर घरी येऊन म्हणाले, फार तर आठवडा. त्याच दुपारी बाबा मला म्हणाले, "थोरल्याला फोन कर. ये म्हणावं." शुद्ध चांगली होती, आवाजही स्पष्ट होता.

मी फोन केला नाही.

मी प्रार्थना केली. प्रभू, दादाने यावं अशी तुझी इच्छा असेल तर तूच त्याच्या मनात घाल. तेव्हा मला ते मोठ्या श्रद्धेचं वाटलं. बुधवारच्या सभेत आजाऱ्यांची आणि दुरावलेल्यांची यादी वाचतात, तिच्यात मी तुला घातलं. चाळीस माणसांनी डोळे मिटून तुला परत आणण्यासाठी विनवणी केली. मास्तरांना तर रडू आवरेना. तुला फोन मात्र कुणीच केला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, धाकट्याने केलाच असणार. फोन माझ्या खिशात होता आणि मी यादीतलं पुढचं नाव वाचलं.

का, ते लिहायला हात धजत नाही. तू आला असतास, खाटेच्या कडेला बसून पुन्हा वाद घातला असतास, आणि बाबांचा चेहरा जसा उजळला असता तसा तो माझ्यासाठी कधी उजळला नाही. मला ते पाहायचं नव्हतं. त्यांच्या श्रद्धेला शेवटी धक्का नको वगैरे मी स्वतःला सांगत होतो, पण त्यात काही दम नव्हता.

गुरुवारी सकाळी मी त्यांची दाढी करत होतो. त्यांनी विचारलं, "फोन लागला का?"

"देवाला सांगितलंय, बाबा."

त्यांनी वस्तरा धरलेला माझा हात बाजूला केला. "देवाला मीही सांगितलंय. फोन तुला सांगितला होता."

आणि गालावरचा साबण तसाच ठेवून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हाही वेळ गेली नव्हती. त्या क्षणी कळवलं असतं तर शुक्रवारी सकाळी तू पोचला असतास. मी उठून टॉवेल धुतला. शुक्रवारी दुपारी ते गेले, आणि मग तुला केलेला फोन पहिल्याच घंटीला लागला.

माझा विश्वास उडालेला नाही, तेव्हा जिंकलो असं समजू नकोस. इतके दिवस मी देवापुढे मंडळीत मिसळून उभा राहायचो. 'आम्ही पापी आहोत' हे सगळ्यांबरोबर म्हणायला सोपं जातं. आता तो मला एकट्याला विचारतो. तू म्हणशील, तिथे कुणी नाही, तूच स्वतःला विचारतोयस. असेलही. उत्तर दोन्हीकडे मलाच द्यायचंय, आणि एवढ्यापुरतं तरी आपलं जमतं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

रविवारी पंचांना उत्तर देण्याआधी मी मंडळीला हे सगळं सांगणार आहे. मग मी पाळक हवा की नको ते त्यांनी ठरवावं. आईला काल सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि आत जाऊन बसली.

देवाकडे क्षमा मागितली. मिळाली असेल. पण ते सहा दिवस तुझे होते; त्यांची क्षमा देवालाही परस्पर करता येत नसावी. पाळकाने असं बोलू नये, हे कळतं मला. तुझ्याकडे मी ती मागत नाही, मागायला तोंड नाही. फक्त माझ्याकडे अडकलेला एक निरोप आज पोचवतो. बाबांनी तुला बोलावलंय. ये.

ज्याने तुला बोलावलं नाही तो,
तुझा धाकटा भाऊ