कलमाच्या बुडाचं मडकं

घरधन्यांस चिमाचा निरोप.

विहीर तळाला गेली, म्हणून डोंगराखालच्या झऱ्यावर जाते. करवंटीनं हंडा भरायचा, तेव्हा दुपार होईल. चुलीवर पेज आहे.

आंब्याच्या कलमाच्या बुडाशी पुरलेलं मडकं काल तुम्ही फुटकं म्हणून उकरून टाकलंत. त्याला भोक मीच पाडलंय. भोकात चिंधी घातली की पाणी थेंबाथेंबानं मुळाशी जातं. तांदूळ धुतलेलं पाणीही मी त्यातच ओतते. गेल्या साली आपली बाळी देवाघरी गेली, तेव्हा तिच्या नावानं लावलेलं कलम ते. तुम्ही मुंबईला होतात, मडक्याचं तुम्हाला कोण सांगणार? रागावले नाही. मडकं होतं तिथं पुरा.

रांजणात कळशीभर पाणी आहे. आंघोळ मात्र कलमाच्या आळ्यात उभं राहून करा. तेवढंच लेकीच्या अंगावर बापाच्या हातचं पाणी पडेल.