छातीवरचा डाग

अहो,

तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, पत्रातही घेत नाही. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण लिहायला बसले ती आज. काल गावच्या शाळेत जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. आणि एक गोष्ट वर्षभर तुमच्यापाशीही बोलले नव्हते, ती आधी बोलते.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा शर्टाची बटणं तुटलेली होती. आंघोळ घालताना दिसलं, छातीच्या मधोमध लालसर काळा डाग, तळहाताएवढा. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. हार्ट अटॅकनं बटणं तुटतात का? छातीवर वळ उठतो का? मी कुणाला विचारलं नाही. पण मनात एकच नाव आलं, शेजारच्या सोपान भावजींचं.

का येऊ नये? प्रवरा नदीवरच्या पाण्याच्या मोटरीपाशी तुम्ही दोघंच होता. मोटर दोघांच्या भागीदारीतली, आणि आदल्या दिवशी पाण्याच्या पाळीवरून तुमची बोलाचाली झाली ती अख्ख्या आळीनं ऐकली. “बघून घेतो तुला,” असं भावजी म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तुम्हाला आपल्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, आणि मला एवढंच सांगितलं, “वहिनी, बसल्या जागी गेला. काय करताच आलं न्हाई.” सांगताना नजर खाली. दहाव्यालाही लांब उभे राहिले. नंतर मी समोरून येताना दिसले की वाट बदलायचे. मन साफ असलेला माणूस असं वागतो का, तुम्हीच सांगा.

पण माझ्याकडे पुरावा काय होता? एक डाग, तोही तुमच्याबरोबर जळून गेला.

तुमच्यावरही रुसवा आहेच. त्या आठवड्यात डावा हात दाबत बसायचात. मी विचारलं तर म्हणालात, “पित्त हाय, दुसरं काय न्हाई.” माझ्यापासून कशाला लपवलंत?

तर काल. आम्हा अंगणवाडी सेविकांना वरून निरोप आला, शाळेत प्रशिक्षण आहे, गावकऱ्यांनाही घेऊन या. मेडिकल कॉलेजातून एक डॉक्टरताई आल्या होत्या. सतरंजीवर रबराचा पुतळा, कमरेपर्यंतच, ना हात ना पाय. हृदय बंद पडलेल्या माणसाला कसं वाचवायचं ते त्याच्यावर शिकवणार. मला पटेना. फुकट शिकवतात म्हणजे मागून काहीतरी विकायला काढणार, असं मी शेजारणीच्या कानात बोललेसुद्धा. पुतळ्यावर शिकून खरं माणूस कुठं उठतं?

ताई म्हणाल्या, “आपण खोटा प्रसंग करू. समजा, हा माणूस शेतात पडलाय. हाक मारली तरी हलत नाही, श्वास नाही. जवळ एकच माणूस आहे.”

हिला कुणी सांगितलं? मी मागं वळून पाहिलं. दाराशी सोपान भावजी उभे होते. ते इथं कशाला आले? आणि ताईंनी बोट दाखवलं ते नेमकं त्यांच्याकडे. “दादा, तुम्ही या.”

“मला न्हाई जमायचं,” भावजी म्हणाले. पण लोकांनी पुढं ढकललं. ते गुडघ्यावर बसले. ताई सांगायच्या आधीच त्यांनी पुतळ्याच्या छातीच्या मधोमध तळवा ठेवला, त्यावर दुसरा हात. मला वाटलं, यांना हे कसं ठाऊक? दाबायला लागले. थोड्या वेळानं पुतळ्यातून कट्ट असा आवाज आला, आणि विस्तवाला लागल्यासारखे त्यांनी हात मागं घेतले.

“थांबू नका,” ताई म्हणाल्या. “नीट खोल दाबलं की तो वाजतो.”

“खऱ्या मानसाची बरगडी मोडली तर?” भावजींचा आवाज फाटला होता.

“मोडते कधी कधी. छातीवर डागही पडतात. तरी थांबायचं नाही. मदत येईपर्यंत दाबत राहायचं.”

तुमचा डाग तिथंच होता, जिथं भावजींचे हात होते.

चहाच्या वेळी मी त्यांना वऱ्हांड्यात गाठलं. “भावजी, तुमी ह्यांची छाती दाबली हुती का?”

त्यांनी हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, “व्हय वहिनी. मोबाईलवर कधीतरी बघितलं हुतं. शर्ट फाडला आन दाबायला लागलो. आत कडकन मोडल्यासारखं झालं. मला वाटलं, मीच मारला त्याला. हातच चालंना. मग थांबलो.”

“मंग तवाच का न्हाई सांगितलं?”

“कोनी ऐकलं असतं? आदल्या दिवशी भांडलो हुतो. तुमी तरी ऐकलं असतं का?”

नसतंच ऐकलं. तरी शंका अशी लगेच सुटते होय? हा माणूस आत्ता ऐकलेलंच जुळवून सांगत नसेल ना, असं क्षणभर मनात आलंच. पण ताईंनी शिकवण्याआधीच त्यांचे हात बरोबर जागी गेले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग दुसरीच टोचणी लागली. मी ताईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि विचारलं, “भावजी थांबले नसते तर हे वाचले असते का?”

त्यांनी खोटा धीर दिला नाही. “सांगता येत नाही, मावशी. कदाचित वाचले असते, कदाचित नसते. पण त्यांनी हात लावला. बहुतेक लोक नुसते बघत उभे राहतात.”

खरं सांगू? मारामारी झाली असती तर मला सोपं गेलं असतं. राग धरून बसता आलं असतं. आता कुणावर धरू?

दुपारी पुन्हा खोटा प्रसंग झाला. भावजी दाबत होते. कपाळावरून घाम निथळत होता. ताई म्हणाल्या, “एकटा माणूस लवकर दमतो. समोर दुसऱ्यानं तयार बसायचं, आणि पहिला दमला की न थांबता पुढं चालू ठेवायचं. कोण येतंय?”

मी पदर खोचला आणि भावजींच्या समोर जाऊन बसले. त्यांनी वर पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा नजरेला नजर दिली.

“सोडा आता, भावजी,” मी म्हणाले, आणि हात ठेवले. आवाज झाला, पण मी थांबले नाही.

तुम्हाला शब्द देते. आपल्या गावात कुणी असं कोसळलं, तर मी बघत उभी राहणार नाही. आणि दमले, तर पहिली हाक सोपान भावजींना मारीन.

तुमची,
सुमन