तुझा सदरा मी ओढला

नामा,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. कर्जतच्या भातगिरणीतलं तुझं काम बरं चाललं असंल.

सात वर्सं एक गोष्ट पोटात हाय. ग्रामसभेत तू नव्या बंधाऱ्याचं विचारलंस, "पाया खडकापर्यंत गेलाय का? कुणी उतरून बघितलंय?" सगळे हसले. "इंजिनेर आला रं!" म्हणाले. तू परत तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी तुझा सदरा ओढला आणि तू खाली बसलास. तुला वाटतं, तो सरपंचाचा माणूस. नाय रं, मी होते. माझ्या भावाला लोक हसतात, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या पावसात बंधारा फुटला. खाली लावणीला वाकलेली ठाकरवाडीची ठमी वाहून गेली. सभेत लिवलं, पाऊस जास्त झाला. आमी सगळ्यांनी हात वर केले. त्यानंतर तू गावात पाय ठेवला नायस.

काल त्याच जागी परत बंधारा मंजूर झाला. सरपंचानं विचारलं, "कुणाला काय विचारायचंय?" ठमीचा नवरा नवशा मान खाली घालून बसला होता. तुझाच प्रश्न माझ्या ओठावर आला. मग हात वर करायला सांगितले. नवशानं केला. मी पण केला.

हे पत्र मी पाठवणार नाय. तू म्हणशील, आता तरी बोलायचंस, बाय.

काल माझ्यामागं नुसती भिंत होती, नामा. माझा पदर ओढायला कुणीच नव्हतं.

तुझी,
गौरा