तुम्ही मला कॉलेज दाखवायला नेलंत

मॅडम,

बारावीचा निकाल लागला तेव्हा लाखांदुरात आमच्या घरी सगळ्यांनी माझं ठरवून टाकलं होतं. मार्क चांगले, म्हणजे इंजिनीअरिंग. मीही मान डोलावली होती. पेढे घेऊन तुमच्याकडे आले, तर तुम्ही चुलीशी बसून भाताची पेज काढत होतात. "इंजिनीअर होऊन करशील काय?" तुम्ही विचारलंत. बायोलॉजी तुम्हीच शिकवलेली, म्हणून म्हटलं, "तुमी सांगान तिथं जातो, मॅडम." तुम्ही रागावलात. "मी सांगतलं म्हणून जाशील, अन् मन नाही लागलं त मले बोल लावशील. आधी पाह्य, मंग ठरव."

त्याच आठवड्यात तुम्ही रजा टाकून मला एसटीनं नागपूरला नेलंत. सकाळी इंजिनीअरिंग कॉलेज. मी चकचकीत पायऱ्या चढते आहे, उतरते आहे. तुम्ही मागून गप्प चालता आहात. दुपारी मासोळ्यांचं शास्त्र शिकवणारं कॉलेज. असं काही शिकवतात हेच मला ठाऊक नव्हतं. टाक्यांमध्ये बोटभर पिल्लं पोहताहेत, आणि मी तिथल्या सरांना विचारते आहे, आमच्या तलावात पूर्वीसारखी मरळ का सापडत नाही, तिची पिल्लं इथं वाढवता येतील का, पाणी आटल्यावर ती जगते कशी. परतीच्या गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "सकाळी तू एकबी प्रश्न नाही विचारला. दुपारी मले भूक लागली, पण तू हलूनच नाही राहिली." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते.

बाबा ऐकूनच भडकले. "मासोळ्या धरायले पोरीले नागपूरले कायले धाडू?" तुम्ही माझी बाजू मांडाल म्हणून मी थांबले होते. तुम्ही म्हणालात, "मले नका विचारू भाऊ. तिले विचारा." बाबांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. "बाबा, मले हेच शिकाचं हाय. ह्यातच माहं डोकं चालते." बाबा उठून अंगणात गेले आणि तिथूनच म्हणाले, "जा मंग. पण अर्ध्यातून वापस नोको येजो."

नाही आले. पदवी घेऊन परतले तेव्हा तुम्ही मात्र या जगात नव्हतात. आज जिल्ह्यातल्या तलावांवर हिंडते. तलावात माशांचं बीज सोडायच्या आधी मासेमार संस्थेची माणसं मला बोलावतात, माझं ऐकतात. आणि काठावर उभी असताना कितीदा तरी वाटतं, एवढं ठाऊक असूनही न सांगता थांबायला केवढी ताकद लागली असेल तुम्हाला.

हे पत्र कुठं टाकणार? कपाटातच राहील. काल माझ्या लेकीला नागपूरला कॉलेज दाखवायला नेलं. तिला वकिली शिकायची आहे. मी काहीच बोलणार नव्हते, मॅडम. जाताना वाटेतलं पवनी गाव यायच्या आतच, तिनं काय शिकावं ते सगळं बोलून मोकळी झाले.