चिखलीत आलेली होडी

१० जून, बुधवार
बाबांची होडी आली. चिऱ्याच्या ट्रकवर बांधून, कोकणातून थेट चिखलीत. पवारभाऊंच्या फायबरच्या शेडमध्ये उतरवली तेव्हा अख्खी गल्ली मोबाइल काढून उभी. एकाने विचारलं, इंद्रायणीला पूर येणारे का? महेश हसला. माझा धाकटा भाऊ. लोकांच्या विनोदाला हसण्यात पटाईत.
ठरवायचं एवढंच: जुनी लाकडी दुरुस्त करून वरून फायबर चढवायचं, की नवीच घ्यायची. बाबांना जुनीच हवी. महेशला नवी. खर्च माझा, म्हणून निर्णयही माझा, असं दोघं म्हणतात. माझ्याच घरात बसून, माझ्याच हातचं खाऊन म्हणतात.

१३ जून
मोतीबिंदू काढायला बाबांना इथे आणलं, ते राहिलेच. दिसायला लागल्यापासून दोषच जास्त दिसतात. आज भाकरी जाड. काल कालवण पांचट.
"नवऱ्याकडे पन अशीच करायचीस काय गो सुजा?"
म्हटलं, हो, म्हणूनच सुटले. महेश ताटात बघून हसत होता.

१५ जून
फर्स्ट शिफ्ट. चाकणची बस उशिरा, म्हणून बोलणी खाल्ली. मग नेहमीचंच. पार्ट उचला, बघा, ठेवा. दुरुस्त होणारा असेल तर पिवळं लेबल, भंगारात जाणारा असेल तर लाल. मी लाल लावलं की सुपरवायझरही काढत नाही. माझं एवढंच राज्य.
संध्याकाळी बाबांकडे बघत बसले. लाल की पिवळं? वाईट विचार. पण आला खरा.

१८ जून, गुरुवार
सुट्टी. गुरुवारी इथल्या सगळ्याच कारखान्यांना सुट्टी, गल्लीत चिटपाखरू नाही. पवारभाऊंनी आमच्यासाठी कुलूप काढलं. म्हणाले, "ताई, भायेरून बरी हाय. आतून तुमीच बगा, मला लाकडातलं कळत न्हाई." आणि चहाला गेले.
आमच्यात होडीत बाईने चढायचं नाही. लहानपणी एकदा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या ह्याच होडीत जाऊन बसले होते. बाबांनी ओढून काढलं, वल्ह्याने मारलं. मग समुद्राच्या पाण्याने होडी धुतली, नारळ फोडला. माझ्या कपाळातून रक्त येत होतं. ते कोणी धुतलं नाही.
महेश म्हणाला, "चढ गो. हितं कुठं समुद्र हाय? कोन बघतंय?" हात दिला. चढले.
एकेक फळी ठोकून पाहिली. तळाच्या दोन गेल्यात, सांधे नव्याने भरावे लागतील, बाकी लाकूड आम्हा सगळ्यांना पुरून उरेल. सरळ पिवळं लेबल. मनात ठरूनही गेलं. आनंद झाला, खोटं कशाला लिहू. मधल्या फळीवर बसले. बाबा बसायचे तिथे.
वर बघितलं तर दारात बाबा.
 रिक्षा थांबवून ठेवली होती, तिनेच परत गेले.

१९ जून
बाबा जेवले नाहीत. म्हणाले, आता फोडा ती, नायतर विका, मी तोंड बघणार नाही तिचं. म्हटलं, तेव्हा धुतली होती ना, आताही धुवा.
"तवा पोर होतीस. आता टाकलेली हायस. धुवून जायाचं नाय."
उठून भांडी घासली.  

२१ जून
सकाळपासून एकच डोक्यात. कोपऱ्यावरच्या डेअरीची वाट न सापडणारे बाबा शेडवर पोचले कसे? त्यांनाच विचारलं. महेशने फोन केला होता, रिक्षाही त्यानेच पाठवली. "सुजा काय करते ती येऊन बघा," म्हणाला.
महेशने नाकारलंही नाही. बाबा जुनीवर अडून बसले होते, दुसरा इलाज नव्हता म्हणे. "तुला काय फरक पडतो? तू थोडीच जानार हायस मासे मारायला."
ज्या हाताने वर घेतलं तोच हात.
मीही काही कमी नाही. म्हटलं, घे नवी. पैसे देते. पण पाण्यात लोटायच्या आधी पहिला पाय माझा, सगळ्या गावासमोर. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या मी.

९ जुलै, गुरुवार
बापलेकांचं आता एकदम गूळपीठ. एवढी वर्षं भांडत होते, मी मध्ये आले आणि एक झाले. महेश म्हणतो, बाईचा पाय लागलेल्या होडीवर एक खलाशी चढणार नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, भिंतीशी बोलतात. भिंतीला सांगून पाणी मागतात. मी भिंतीपाशीच ठेवते.

२३ जुलै, गुरुवार
पवारभाऊंना जागा हवी, टाक्यांची ऑर्डर आली आहे. महिनाअखेरपर्यंत काम सुरू करा नाहीतर होडी हलवा. कुदळवाडीचा भंगारवाला येऊन बघून गेला. कापून नेईन म्हणतो, लाकूड हॉटेलच्या भट्टीला चालेल.
महेश गावी गेला. होडी नाही तर एक तारखेला मासेमारीची बंदी उठली की दुसऱ्याच्या होडीवर मजुरी. फोनवर रडला. ऐकून घेतलं. बरं वाटलं आणि लाजही वाटली, दोन्ही.

३० जुलै, गुरुवार
बाबांसमोर जाऊन बसले. म्हटलं, नवीवर पहिला पाय ठेवायचा हट्ट सोडते. जुनी नीट करू, तुमचीच होडी. फक्त एकदा म्हणा, 'सुजा चढली म्हणून होडी बाटली नाही.' एवढं म्हणा, उद्या काम सुरू.
 पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याकडे बघितलं.
"तुजी आय पन मरताना असंच कायतरी बोलून घ्यायला बघत होती. गेली. पन मी बोललो नाय."
मग म्हणाले, फोड.

३१ जुलै
दुपारी पवारभाऊंचा फोन. "ताई, भंगारवाल्याचा गडी कटर घिऊन हुबा हाय. काय सांगू त्याला?" म्हटलं, शिफ्ट सुटली की येते.
पिशवीत दोन्ही लेबलं घेऊन आले. एकही लावलं नाही. होडीत चढले, ह्यावेळी हात द्यायला कोणी नव्हतं. मधल्या फळीवर बसून हे लिहितेय. बाबांना फोन लावला. उचलला.
"बाबा, मी होडीत बसलेय."
 त्यांनी फोन ठेवलेला नाही. माझ्या मांडीवर आहे, स्पीकर चालू. त्यांचा श्वास ऐकू येतोय.
कटरवाला चहा पिऊन आला. विचारतोय, ताई, उतरताय ना?