अंजली मॅडमना मी काय सांगितलं

प्रिय बुद्धरत्न,

तू आकुर्डीत, मी पिंपळे गुरवला, फोन हाताशी, आणि हा बाबा कागद घेऊन बसलाय म्हणून तू हसशील. हस. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘असू दे राव’ म्हणतोस आणि मी तेवढ्यावर सुटतो. या वेळी मला सुटायचं नाहीये.

चाकणचा आपला प्लांट बंद झाला त्याला आता वर्ष होत आलं. तू, मी आणि मालोजी, क्वालिटीतले तिघे, चौदा वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आणि एकाच दिवशी गेटबाहेर पडलो. तू दुसऱ्या दिवसापासून नोकरी शोधायला लागलास. मी महिनाभर रुबाबात घरी बसलो. आमच्या भावकीला अजून वाटतं, याला नोकरीची काय गरज? जमिनी कधीच गेल्या हे त्यांनाही ठाऊक आहे, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

मग कन्सल्टन्सीवाल्यांचे फोन सुरू झाले. ‘सर, बायोडेटा पाठवा’, ‘सर, तुमचं प्रोफाइल पुढे दिलंय’, आणि नंतर आपण फोन केला की उचलत नाहीत. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट अशा अवतारात मी व्हिडिओवर चौदा वर्षांचा अनुभव सांगायचो. समोरची मुलगी जांभई दाबायची. त्रेचाळीस वय ऐकलं की त्यांचा आवाज बदलतो, हे तूही अनुभवलंयस. तुला सांगायचो की दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. पाच महिन्यांत मला एकाही कंपनीने बोलावलं नव्हतं. घरात बायकोला, सायलीलासुद्धा हे माहीत नव्हतं.

दिवाळीआधी आकुर्डी स्टेशनसमोर आपण तिघे चहा प्यायलो ते आठवतं ना? महाळुंग्याच्या कंपनीत तुझी पहिली फेरी झाली होती. प्लांट हेड स्वतः बोलले, दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात, जागेची जाहिरात कुठेच नाही, असं सगळं तू भरभरून सांगितलंस. मग म्हणालास, फायनल होईपर्यंत तोंडातून काढू नका. मालोजीने मान हलवली. मी तर तुझ्या पाठीवर थाप मारली.

तीनच दिवसांनी निगडीच्या एका कन्सल्टन्सीतून अंजली मॅडमचा फोन आला. आवाज फार गोड. बोलता बोलता त्यांनी विचारलं, सध्या अजून कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत? एकाच कंपनीत दोनदा प्रोफाइल जायला नको म्हणून विचारते, असंही म्हणाल्या. ‘कुठेच नाही’ एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी तुझा इंटरव्ह्यू माझा म्हणून सांगितला. कंपनी, पद, प्लांट हेडचं नाव, पुढच्या फेरीचा वार, सगळं. त्या ‘अरे वा’ म्हणाल्या. पाच महिन्यांत मला कुणी ‘अरे वा’ म्हटलं नव्हतं, म्हणून मी आणखी रंगवून सांगितलं.

असं विचारून या लोकांना रिकाम्या जागा कळतात, हे आपल्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. फोन ठेवतानाच कळलं होतं. तेव्हाच तुला फोन केला असता तर तू प्लांट हेडना गाठलं असतंस. मी आंघोळीला गेलो.

बाराव्या दिवशी अंजली मॅडमचा परत फोन. महाळुंग्याला त्यांनी तीन माणसं पाठवली होती, त्यातला तिशीचा एक जण लागला. हसत म्हणाल्या, “सर, तुमचं नाव तर त्यांच्या यादीत नव्हतंच की.” त्याच संध्याकाळी मी तुझ्या घरी आलो. धोंडीबा काकांनी नेहमीसारखा चहा पुढे केला, कन्सल्टन्सीची माणसं मध्ये घुसल्याचं तुला कंपनीतून कळलंच होतं, तरी तू मलाच धीर देत राहिलास, आणि मग म्हणालास, “मालोजीनंच फोडलं. तुम्हा दोघांशिवाय कुणाला माहीतच नव्हतं.” मी त्या वेळी मान हलवली, बुद्धरत्न. चहा संपवला आणि मान हलवली.

तेव्हापासून तू मालोजीशी बोलत नाहीस. तो मला दोनदा विचारून गेला, भावा, माझं काय चुकलं? मी म्हणालो, त्याचा स्वभावच तसा आहे, सोडून दे. म्हणजे तुलाही वाईट ठरवून मोकळा झालो. मला माझी शरम वाटते. आरशात दाढी करतानासुद्धा वाटते.

आता हे आजच का लिहितोय ते सांगतो. काल तुझ्या नव्या कंपनीतून एचआरमधल्या मुलीचा फोन आला. एक तारखेपासून या म्हणाली. तुला लागून दोनच महिने झालेत आणि तू माझ्यासाठी शब्द टाकलास. ‘या माणसाची खात्री मी देतो’, असं तू म्हणाल्याचं त्या मुलीने कौतुकाने सांगितलं. मग सहज बोलून गेली की त्यांच्याकडे मालोजीचाही बायोडेटा आला होता, पण बुद्धरत्न सर म्हणाले, तो माणूस नको. नोकरी मला हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण ती जागा मालोजीची आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला होही म्हणता येत नाही, नाहीही. सोमवारपर्यंत वेळ मागितलाय. त्याआधी मालोजीला फोन कर. त्याच्याकडे मी स्वतः जाणारच आहे, पण तुझा फोन आधी जाऊ दे. मग त्या मुलीला काय सांगायचं ते सांग, माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. हे पत्र धोंडीबा काकांच्या हातात देऊन येतो. ते चहाला थांबवतील. आज मी थांबणार नाही.

अजून म्हणू दिलंस तर तुझाच,
रविराज